मैदानावरची बोलणी

कबड्डीत चढाई करायला गेलेल्या मुलीचं तोंड बांधलेलं असतं, हे कधी लक्षात आलंय का तुमच्या? तिला सतत ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहावं लागतं. दम सुटला, शब्द तुटला की ती बाद. समोरच्या सात जणी मात्र मोकळ्या. त्या हसतात, चिडवतात, मांडी थोपटतात, एकमेकींना डोळे मारतात. चढाईवाल्या पोरीनं हे सगळं ऐकायचं, एकीलाही उत्तर द्यायचं नाही, कुणाला तरी शिवायचं आणि आपल्या अंगणात परत यायचं.

खरं सांगू? हे पाहिलं की मला नव्यानं सासरी आलेली सूनच आठवते!

गंमत सोडा. खेळाडू मैदानावर एकमेकांना जे बोलतात त्याला क्रिकेटमध्ये ‘स्लेजिंग’ म्हणतात. त्याचंच दुसरं इंग्रजी नाव ‘ट्रॅश टॉक’, म्हणजे सरळ शब्दांत कचरा बोलणं. समोरच्याचं चित्त विचलित व्हावं, तो चिडावा, चुकावा, एवढाच त्यामागचा हेतू. टीव्हीवर मॅच बघताना आपल्याला वाटतं, हे मोठ्या लोकांचं, लाखो-कोटी कमावणाऱ्यांचं काम. पण हा कचरा आता आपल्या दारापर्यंत आलाय. कारण आता आपल्या पोरी खेळायला लागल्यात.

आमच्या पिंपळनेरातल्याच एका मुलीचं सांगते. नाव नको. नववीत शिकते, चढाईत अगदी वाऱ्यासारखी. गेल्या वर्षी बाहेरगावी मॅचला गेली. सुरुवातीला समोरच्या मुली नेहमीचंच बोलत होत्या. “आली गं आली, पाय बघा कसे लटपटताहेत.” हिला काही वाटलं नाही. हिनं दोघींना बाद केलं. मग बोलण्याचा सूर बदलला. आधी तिच्या रंगावरून, मग तिची आई दुसऱ्याच्या शेतात कांदा लावायला जाते त्यावरून. भिंतीवर बसलेल्या पोरांनी तेच शब्द उचलले आणि तालात ओरडायला सुरुवात केली. पोरीचा दम तुटला. ती बाद झाली आणि त्यानंतर मैदानाकडे फिरकलीच नाही. तिच्यासोबतच्या मोठ्या माणसांपैकी कुणीतरी एवढंच म्हटलं, “खेळात असं चालतंच.”

तिची आई मला बाजारात भेटली. म्हणाली, “मी तिले काय सांगू, ताई? खेय म्हनू, का घर बठ म्हनू?”

प्रश्न साधा आहे, पण मला तो चार दिवस सोडेना. म्हणून हा सगळा खटाटोप.

आपण काय कमी बोलतो?

एक मात्र आधीच मान्य करू या. चिडवणं, टोमणे मारणं हे काही आपल्याला परदेशातून शिकावं लागलेलं नाही. फुगडी घालताना आपण एकमेकींना काय काय म्हणतो आठवा. लग्नात विहिणीला गाण्यातून किती ऐकवलं जातं! आखाजीला झोक्यावर बसलेल्या पोरी गाण्यातून कुणाकुणाला कोपरखळ्या मारतात, हे खान्देशातल्या बाईला सांगायला नको.

सातारा जिल्ह्यात तर याचा सणच असतो. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना यथेच्छ शिव्या देतात. त्याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. वर्षभराचं तुंबलेलं त्या दिवशी मोकळं होत असणार! पण त्यातही एक शिस्त आहे बघा. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, आणि मध्ये ओढा. ओलांडून कुणी कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून मध्ये माणसं उभी असतात. शिवी गावाच्या नावानं जाते, सगळ्या जणींना सारखीच लागते, आणि बार संपला की सगळ्या आपापल्या घरी चुलीपाशी.

कुस्तीचंही तसंच. पैलवान शड्डू ठोकतो. हे आव्हानच की! पण त्याच्या आधी तो समोरच्याच्या हाताला हात लावतो, आखाड्यातली माती एकमेकांच्या अंगाला लावतात. म्हणजे आव्हानही आहे आणि मानही आहे.

तर मुद्दा असा की बोलण्याला आपली ना नाही. प्रश्न आहे तो मधल्या ओढ्याचा. तो कुठे असतो आणि तिथे कोण उभं राहतं?

कोइमतूरची गोष्ट

याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच मराठी माणसाचं आहे, आणि ते ज्या मानानं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही.

सप्टेंबर २०२२. कोइमतूरला दुलीप करंडकाची फायनल चालू होती, पश्चिम विभाग विरुद्ध दक्षिण विभाग. पश्चिमेचा कॅप्टन अजिंक्य रहाणे. संगमनेर तालुक्यातलं मूळ गाव, डोंबिवलीत वाढलेला, शांत स्वभावाचा. त्याच्या टीममध्ये वीस वर्षांचा यशस्वी जैस्वाल. उत्तर प्रदेशातून लहानपणी मुंबईत आला, आझाद मैदानावर तंबूत राहून क्रिकेट शिकला. या मॅचमध्ये त्यानं दुसऱ्या डावात २६५ धावा काढल्या होत्या. म्हणजे मॅच जिंकून देणारा हाच.

शेवटच्या दिवशी दक्षिणेचा रवी तेजा बॅटिंग करत होता आणि यशस्वी जवळ फिल्डिंगला उभा होता. त्याची तोंडाची टकळी चालूच. फलंदाजानं तक्रार केली, पंचांनी लक्ष घातलं. रहाणेनं यशस्वीला बाजूला घेऊन समजावलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग रहाणेनं काय केलं? त्यानं यशस्वीला सरळ मैदानाबाहेर जायला सांगितलं. बदली खेळाडूसुद्धा आला नाही. पश्चिम विभागानं काही षटकं दहाच जणांनी फिल्डिंग केली. नंतर यशस्वी परत आला. मॅच पश्चिम विभागानं २९४ धावांनी जिंकली आणि सामनावीर यशस्वीच ठरला. नंतर विचारल्यावर रहाणेनं सांगितलं ते थोडक्यात असं, की समोरचा संघ, पंच, अधिकारी यांचा मान राखावाच लागतो.

विचार करा, घरातलं कमावतं पोरगं चारचौघांत शेजाऱ्याला वाईट बोललं तर आपण काय करतो? बहुतेक वेळा गप्प बसतो. “जाऊ द्या, तरुण रक्त आहे” म्हणतो. इथे कॅप्टननं आपल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला, भर फायनलमध्ये, टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे बाहेर काढलं. आणि तरुण पोरानंही ते ऐकलं, हेही कमी नाही.

याच यशस्वीची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताची टीम ऑस्ट्रेलियात पर्थला खेळत होती. पहिल्या डावात मिचेल स्टार्कनं यशस्वीला शून्यावर बाद केलं. दुसऱ्या डावात मात्र यशस्वी जमला आणि स्टार्कला म्हणाला, चेंडू फारच हळू येतोय! जगातल्या सगळ्यात वेगवान गोलंदाजांपैकी एकाला हे ऐकवायचं म्हणजे काय! स्टार्क नुसता हसला. यशस्वीनं त्या डावात १६१ धावा काढल्या आणि भारत जिंकला. पुढची मॅच ॲडलेडला. तिथे स्टार्कनं पहिल्याच चेंडूवर यशस्वीला बाद केलं. झाली फिटंफाट.

तेच तोंड आणि तोच पोरगा. पण यावेळी तो बोलला चेंडूबद्दल. चेंडू दुसऱ्याच्या हातात होता, उत्तर द्यायची संधी त्याच्याकडेही होती, आणि त्यानं ती घेतलीसुद्धा. कुणाचा रंग, जात, आई-बाप, घरदार यांना मात्र मैदानावर उत्तरच नसतं. कितीही गुण मिळवले तरी रंग बदलत नाही आणि बदलायचं कारणही नाही. म्हणून ते बोलणं खेळाचं नसतं. नववीतल्या त्या पोरीला “पाय लटपटताहेत” म्हटलं तेव्हा तिनं दोघींना बाद करून उत्तर दिलं. पुढच्या बोलण्याला ती काय उत्तर देणार होती?

भिंतीवर बसलेले लोक

खेळाडूंचं एक वेळ समजू शकतं, ते जिंकण्या-हरण्याच्या तणावात असतात. प्रेक्षकांना कसला तणाव? पण खरी घाण अनेकदा तिथूनच येते.

जानेवारी २००८ ची सिडनी कसोटी खूप जणींना आठवत असेल. हरभजन सिंगनं अँड्र्यू सायमंड्सला ‘माकड’ म्हटल्याचा आरोप झाला, तीन कसोटींची बंदी घातली गेली. दौरा मोडायची वेळ आली. त्या वेळी दुसऱ्या टोकाला सचिन तेंडुलकर बॅटिंग करत होता, त्यानं साक्ष दिली. अपिलात वांशिक शेऱ्याचा आरोप सिद्ध झाला नाही, बंदी उठली, आणि अपशब्द वापरल्याबद्दल हरभजनला निम्म्या मॅच फीचा दंड झाला. आपल्याकडे तेव्हा सगळे ऑस्ट्रेलियावर चिडले होते.

पण त्याच्या तीन महिने आधीची गोष्ट आपण सोयीनं विसरतो. ऑक्टोबर २००७ मध्ये वडोदऱ्यात आणि नंतर आपल्या मुंबईत, वानखेडे स्टेडियमवर, प्रेक्षकांपैकी काही जणांनी याच सायमंड्सला माकडासारखे आवाज आणि हावभाव करून चिडवलं होतं. वानखेडेवर पोलिसांना काही जणांना बाहेर काढावं लागलं. पाहुण्याला पाट-पाणी देणारे आपण, आणि पाहुण्याशी वागणं हे! पुढे २०११ मध्ये हरभजन आणि सायमंड्स मुंबई इंडियन्समध्ये एकाच टीमकडून खेळले. सायमंड्स २०२२ मध्ये मोटार अपघातात गेला तेव्हा हरभजननंही दुःख व्यक्त केलं. खेळाडू पुढे गेले. प्रेक्षकांनी काय शिकलं, हा प्रश्न आहे.

मग आली जानेवारी २०२१. पुन्हा सिडनीच. विराट कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतला होता, कॅप्टन होता रहाणे. सीमारेषेजवळ उभ्या असलेल्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून शिवीगाळ झाली. दौऱ्यावर आल्यावर थोड्याच दिवसांत त्याचे वडील वारले होते, तो घरी न जाता टीमबरोबर थांबला होता. सिराजनं चालू खेळात येऊन कॅप्टनला सांगितलं. रहाणे पंचांकडे गेला, खेळ थांबवला गेला, पोलिसांनी काही प्रेक्षकांना उठवून नेलं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळानंही चौकशी करून वांशिक शिवीगाळ झाली हे मान्य केलं. सिराजनं नंतर सांगितलं, की मैदान सोडून जायचा पर्याय पंचांनी दिला होता. पण रहाणेचं म्हणणं पडलं, आपण काही चुकीचं केलेलं नाही, मग आपण का जायचं? आपण खेळणार.

मैदान सोडण्यावरून आठवलं. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला खुद्द सुनील गावसकर भडकले होते. बाद दिल्याचा राग होताच, त्यात जाता जाता ऑस्ट्रेलियन खेळाडूंचे शब्द कानावर पडले. ते दुसऱ्या टोकाच्या चेतन चौहानना घेऊनच निघाले. सीमारेषेवर मॅनेजरनी चौहानना अडवलं, खेळ पुढे चालू राहिला. आणि भारतानं ती कसोटी ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत गुंडाळून जिंकली! चौहान बाहेर पडले असते तर जिंकणं दूरच, मॅचच हातची गेली असती. गावसकरांनी पुढे त्या प्रकाराबद्दल खंत व्यक्त केली.

सिडनीहून टीम ब्रिस्बेनला गेली आणि १९ जानेवारी २०२१ ला तिथे जिंकली. १९८८ पासून त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया कसोटी हरली नव्हती. बक्षीस समारंभात रहाणेनं सगळ्यांच्या सह्यांचा शर्ट ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनला भेट दिला, कारण ती लायनची शंभरावी कसोटी होती. घरी परतल्यावर सोसायटीतल्या लोकांनी हौसेनं केक आणला, त्यावर कांगारू होता. रहाणेनं तो केक कापला नाही. कांगारू हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी, आणि जिंकलो तरी समोरच्याचा मान ठेवायचा, हे त्याचं कारण. ज्या मैदानांवर शिव्या ऐकल्या तिथून परतलेला माणूस असं वागतो, हे मला त्या विजयाएवढंच मोठं वाटतं.

पोरीही रागावतात

हे सगळं पुरुषांचं झालं. आपल्या मुली काय सगळ्या देवीच्या मूर्ती आहेत का? मुळीच नाही.

जुलै २०२३ मध्ये ढाक्यात बांगलादेशविरुद्ध बाद दिल्यावर हरमनप्रीत कौरनं स्टंपवर बॅट मारली, समारंभात पंचांवर जाहीर टीका केली. बांगलादेशची कॅप्टन निगार सुलताना आपली टीम घेऊन फोटो न काढताच निघून गेली. हरमनप्रीतला दोन मॅचची बंदी आणि मॅच फीच्या ७५ टक्के दंड झाला. त्यामुळे आशियाई स्पर्धेत उपांत्यपूर्व आणि उपांत्य फेरीत आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला टीम सांभाळावी लागली. फायनलला हरमनप्रीत परतली, सुवर्णपदक मिळालं.

एका चुकीनं तिला कुणी घरी बसवलं नाही, हे लक्षात घ्या. शिक्षा झाली, शिक्षा संपली, ती पुन्हा खेळली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत तिच्याच कॅप्टनशिपखाली आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप घेतला. त्या रात्री नाचणं, रडणं, मिठ्या सगळं झालं. पण त्यातच आपल्या मुली दक्षिण आफ्रिकेच्या रडणाऱ्या खेळाडूंकडे गेल्या, त्यांना जवळ घेतलं. त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढणाऱ्या जेमिमा रॉड्रिग्जनं तर सगळ्या जगासमोर सांगून टाकलं, की या स्पर्धेत मी रोज रडत होते, आईला फोन करून रडत होते. एवढी मोठी खेळाडू! पण तिच्या आईनं फोन उचलला होता. इथे आपला नंबर लागतो, मैत्रिणींनो.

मग पोरीला काय सांगायचं?

त्या आईला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. “खेळ म्हण” असं तर सांगितलंच, पण एवढ्यावर भागणार नाही.

पहिलं म्हणजे पोरीला दोन प्रकारचं बोलणं वेगळं ओळखायला शिकवा. तिच्या खेळाबद्दलचं बोलणं ऐकून सोडून द्यायचं, नाहीतर गुण मिळवून परत करायचं. तिच्या अंगाबद्दल, रंगाबद्दल, जातीबद्दल, घराबद्दल कुणी बोललं तर ते सोसायचं नाही. तोंडानं भांडायचंही नाही. चढाई संपली की सरळ आपल्या कॅप्टनला सांगायचं, कॅप्टननं पंचांना सांगायचं. सिराजनं केलं ते हेच. ही चुगली नव्हे. कबड्डीत पंचांच्या हातात हिरवं, पिवळं, लाल कार्ड असतं. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं मिळालं की दोन मिनिटं बाहेर, लाल मिळालं की मॅच संपेपर्यंत बाहेर. ती कार्डं खिशात ठेवायला दिलेली नाहीत.

दुसरं, आपली पोर समोरच्या बाजूला असताना काय बोलते, हेही विचारा. आपलीच मुलगी दुसऱ्या कुणाच्या आईला बोलून आली असेल तर जिंकलेल्या कपाचं कौतुक जरा उशिरा करा.

तिसरं, पोरींना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना निघण्याआधीच विचारा, असं काही झालं तर तुम्ही काय कराल? पालक विचारतात हे कळलं की माणसं सावध होतात. ‘खेळात असं चालतंच’ हे वाक्य मग तेवढ्या सहज तोंडातून निघत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅच बघायला जा. पाच-सहा जणी मिळून जा, डबे घेऊन जा. भिंतीवर फक्त पोरंच बसलेली असतात म्हणून भिंत त्यांची होते. तिथे चार आया, दोन मावश्या, एखादी आजी येऊन बसली की भल्याभल्यांच्या तोंडाला आपोआप कुलूप लागतं. बोरीच्या ओढ्यात माणसं उभी राहतात ना, तसं आपण उभं राहायचं.

ती पोर अजून मैदानावर गेलेली नाही. परवा तिच्या आईनं सांगितलं, संध्याकाळी अंगणात धाकट्या भावाला पकडायला लावते आणि एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत फिरते. पुढच्या मोसमात ती गेलीच, तर आम्ही सात जणींनी जायचं ठरवलंय. तुमच्या गावातही अशी एखादी असेलच. तिच्या आईला विचारून बघा.